प्रेमाला बंदी, हुंड्याला सवलत

फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हॅलेंटाईन डेच्या आदल्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनी शपथ घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा त्यांना ती देण्यात आली. आईवडिलांवर माझा पूर्ण विश्वास आहे. आजूबाजूच्या घटना पाहता मी प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, असा शपथेचा पहिला भाग. हुंडा घेणाऱ्याशी लग्न करणार नाही, हा दुसरा. इथवर वाचून आपल्यापैकी काही जणी म्हणतील, चला, निदान हुंड्याचे नाव तरी घेतले. पण शपथ इथे संपत नाही. सामाजिक परिस्थितीमुळे आईवडिलांनी हुंडा देऊन माझे लग्न लावलेच, तर पुढे मी सुनेकडून हुंडा घेणार नाही आणि मुलीसाठी देणार नाही, अशी एक पुरवणी तिला जोडलेली होती.

ही पुरवणी नीट वाचायला हवी. प्रेम करायचे नाही, याला कुठलीही अट नाही, अपवाद नाही. हुंड्याला मात्र परिस्थितीची सवलत आहे. परिस्थिती आड आली तर हुंडाविरोध पंचवीस वर्षे पुढे ढकलायचा आणि सासू झाल्यावर तो अमलात आणायचा. म्हणजे मुलीच्या मनाप्रमाणे होणार असेल ते आजच्या आज बंद, आणि बापाच्या खिशातून जाणार आहे ते जमेल तेव्हा.

'आजूबाजूच्या घटना' कोणत्या, हेही आठवू या. त्याच महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळले होते आणि आठवड्याने ती नागपूरच्या रुग्णालयात वारली. ती कुणाच्या प्रेमात पडली म्हणून जळाली नव्हती. एका पुरुषाला ती नको म्हणाली होती, म्हणून जळाली. त्यातून धडा घ्यायचाच तर नकार ऐकून घेण्याची शपथ मुलांना द्यायला हवी होती. शपथ मुलींनाच का, असा प्रश्न तेव्हा भाजपच्या पंकजा मुंडे यांनीही जाहीरपणे विचारला होता. तो विचारायला स्त्रीवादी असावे लागत नाही, साधी न्यायबुद्धी पुरते.

ही शपथ कोणत्या पक्षाच्या किंवा सेनेच्या मेळाव्यात झाली नाही. ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, शिक्षकांच्या समोर झाली. मला यातच खरी चिंतेची गोष्ट दिसते. एखादी राजकीय चळवळ किती वाढली, हे आपण तिच्या आमदार-खासदारांवरून मोजतो. पण तिचे सदस्य नसलेली, कदाचित तिला मतही न देणारी माणसे तिची भाषा स्वतःची म्हणून बोलू लागतात, तेव्हा ती खरी रुजलेली असते.

वऱ्हाडात ही चळवळ कशी रुजली? आपल्या बैठकांत याचे एक ठरलेले उत्तर असते : सनातनी शक्ती बायकांना पुन्हा चूल आणि मुलात ढकलत आहेत. हे उत्तर मला अपुरे वाटते. आपल्या डोळ्यांसमोर जे चालले आहे ते उलटे आहे. या शक्ती बायकांना घराबाहेर काढत आहेत. रामनवमीच्या शोभायात्रेत फेटे बांधून मोटारसायकलवर कोण आहे? ढोल कोण वाजवते? वॉर्डात हळदीकुंकवाची बोलावणी घरोघर कोण पोचवते? बाई बाहेर पडली आहे. मात्र ती कशासाठी बाहेर पडणार आणि कशासाठी नाही, हे आधीच ठरलेले आहे.

याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. राष्ट्र सेविका समितीची स्थापना १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात झाली. संस्थापिका लक्ष्मीबाई केळकर तरुण वयात विधवा झालेल्या, मुलेबाळे असलेल्या, कर्तबगार बाई. त्या काळात विधवेने बायकांची संघटना उभी करणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण दोन संघटनांची नावे शेजारी ठेवून वाचा. पुरुषांचा 'स्वयंसेवक' संघ, बायकांची 'सेविका' समिती. 'स्वयं' तेवढे गळाले. समितीने आदर्श ठेवले ते जिजाबाईंच्या मातृत्वाचे, अहिल्याबाईंच्या कर्तृत्वाचे आणि झाशीच्या राणीच्या नेतृत्वाचे. जिजाऊंचे माहेर आपल्याच वऱ्हाडातले, सिंदखेडराजा. त्यांच्याच नावाने १९९० मध्ये अकोल्यात सुरू झालेल्या मराठा सेवा संघाच्या परंपरेत बहुजन बायकांनी वेगळी वाट धरली, हेही इथे नोंदवायला हवे. एकच जिजाऊ, पण कुणाच्या हातात जाते त्यावर तिचे बोलणे बदलते.

पुढची पन्नास वर्षे मात्र ही विचारसरणी इथल्या खेड्यांत फारशी शिरली नव्हती. शहरातल्या ठरावीक वस्त्या, ठरावीक घरे, एवढाच तिचा वावर. १९८० च्या दशकात वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाच्या तोंडी शेतकरी संघटनेचा बिल्ला आणि कापसाचा भाव होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकोच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन झाले. ते किती पुऱ्या मनाने अमलात आले हा वेगळा लेख होईल. पण सातबारावर बाईचे नाव, हा विषय गावाच्या पारावर बोलला गेला होता. नव्वदच्या आरंभी ही लाट ओसरली आणि त्याच पारांवर दुसऱ्या पाट्या लागल्या. कापसाचा भाव मिळत नाही याचा राग तोच होता. तो कुणावर काढायचा, हे नव्याने सांगितले गेले.

निवडणुकांचा हिशेब थोडक्यात. १९८९ मध्ये अकोल्याने भाजपचे पांडुरंग फुंडकर यांना लोकसभेत पाठवले. त्याच निवडणुकीत शेजारच्या अमरावतीने कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून दिले! आज हे सांगितले तर तरुण कार्यकर्त्यांना खरे वाटत नाही. १९९६ मध्ये अमरावतीत शिवसेना आली. अकोल्यात १९८९ ते २०२४ या काळातल्या दहा लोकसभा निवडणुकांपैकी आठ भाजपने जिंकल्या. मधल्या दोन, १९९८ आणि १९९९ च्या, प्रकाश आंबेडकरांनी. २०२४ च्या लोकसभेत अमरावतीने काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून दिले, तेव्हा आपल्यापैकी अनेकींना हायसे वाटले. सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या आठपैकी सात जागा सत्ताधारी महायुतीकडे किंवा तिच्या मित्रांकडे गेल्या.

याच काळात पंचायत राज्यात बायकांना आधी ३३ आणि २०११ पासून महाराष्ट्रात ५० टक्के राखीव जागा मिळाल्या. आरक्षण आपण मागितले होते. पण जागा राखीव झाल्यावर उमेदवार लागतात, आणि चार माणसांत बोलण्याची, निरोप पोचवण्याची, वर्गणी गोळा करण्याची सवय असलेल्या बायका ज्यांच्याकडे तयार होत्या, त्यांना त्या जागा भरणे सोपे गेले. १९९१ मध्ये विश्व हिंदू परिषदेची दुर्गा वाहिनी निघाली. तिची शिबिरे लाठी शिकवतात. लाठी शिकायला हरकत काय? आपणही स्वसंरक्षणाचे वर्ग घेतोच. प्रश्न इतकाच की लाठी कुणासाठी शिकायची. घरात रोज मारणारा नवरा तिथल्या शत्रूच्या यादीत नसतो. शत्रू नेहमी गल्लीपलीकडचा असतो.

अमरावतीने लोकसभेत तीन बायका पाठवल्या : १९८० आणि १९८४ ला उषा चौधरी, १९९१ ला प्रतिभा पाटील आणि २०१९ ला नवनीत राणा. विदर्भाच्या मागासलेपणाची टिंगल करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मी हे आवर्जून ऐकवते. नवनीत राणा २०१९ मध्ये अपक्ष म्हणून, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर निवडून आल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये मातोश्रीसमोर हनुमान चालीसा म्हणण्याच्या घोषणेवरून त्यांना अटक झाली आणि २०२४ मध्ये त्या भाजपच्या उमेदवार होत्या. पक्ष बदलणे हा पुरुषांचाही धंदा आहे, त्यासाठी एका बाईला वेगळे झोडपण्यात अर्थ नाही. मला महत्त्वाची वाटते ती सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. अमरावतीतली एक सज्ञान मुलगी घरातून निघून गेली. खासदारबाई राजापेठ पोलिस ठाण्यात धडकल्या, लव्ह जिहादचा आरोप झाला, पोलिसांशी खडाजंगी झाली, दिवसभर वाहिन्यांवर तेच. नंतर मुलगी साताऱ्यात सापडली आणि आपण रागाच्या भरात एकटीच निघालो, असे तिने सांगितले. विषय मिटला. ती कशावर रागावली होती? एवढ्या गदारोळात हा प्रश्न कुणाला सुचल्याचे दिसले नाही. मुलीला स्वतःचा राग असू शकतो, आणि त्या रागाने ती स्वतःच्या पायांनी आगगाडीत बसू शकते, हे या राजकारणाच्या हिशेबातच नाही. मुलगी जाते म्हणजे कुणीतरी तिला नेते!

याच समजुतीवर डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने एक समिती नेमली. वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत तिच्या जोडीदाराने केलेला भयंकर खून हे तिचे निमित्त. पहिल्या आदेशात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय अशी दोन्ही लग्ने होती. ओरड झाल्यावर आंतरजातीय वगळली आणि आंतरधर्मीय ठेवली. गंमत अशी की आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला याच राज्याचे समाजकल्याण खाते ५० हजार रुपये प्रोत्साहन म्हणून देत आले आहे. एका खात्याने पाठ थोपटायची आणि दुसऱ्याने माहिती गोळा करायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुढचे पाऊल पडले : तथाकथित लव्ह जिहादविरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलिस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून बाई मेली, तर कौटुंबिक हिंसेचा २००५ चा कायदा आहे, त्यातले संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडे किती तालुक्यांचा भार आहे, गाडी आहे का, टेबल तरी आहे का, यावर समिती नेमावी असे मात्र कुणाला वाटले नाही.

दुसऱ्या बाजूची धर्मांधता मला दिसत नाही असे कुणी समजू नये. जून २०२२ मध्ये अमरावतीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून एका औषध विक्रेत्याचा गळा चिरून खून झाला. शाहबानोला १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली पोटगी १९८६ मध्ये कायदा करून हिरावली गेली ती मुल्लामौलवींना खूश करण्यासाठीच. मुस्लिम मोहल्ल्यातल्या मुलीच्या पायातही 'घराण्याची इज्जत' हीच बेडी आहे, आणि तिकडच्या पुढाऱ्यांनाही तिची सही नको असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या दिवसांत धुणीभांडी करणाऱ्या, भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या दोन्हीकडच्या बायकांची मजुरी बुडाली. दोन्हीकडचे रक्षणकर्ते एकमेकांना पुरून उरतात, ते असे.

समान नागरी कायद्याचे पाहा. ही मागणी स्त्री-चळवळीची होती. सगळ्या धर्मांतल्या बायकांना लग्न, घटस्फोट, पोटगी, वारसा यांत समान न्याय, एवढा तिचा साधा अर्थ. नव्वदच्या दशकात ती मागणी दुसऱ्यांच्या मोर्चात, वेगळ्या सुरात ऐकू येऊ लागली, आणि अनेक गटांनी 'समान' हा शब्द सोडून 'स्त्रियांना न्याय देणारे कायदे' असे म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी तो शब्द उचलला, त्यांच्या पूर्वसुरींनी हिंदू कोड बिलाला रस्त्यावर उतरून विरोध केला होता. घटस्फोट नको, मुलीला वाटा नको, म्हणून. डॉ. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्याच्या कारणांत हे बिल होते. वऱ्हाडातल्या आंबेडकरी बायकांना हा इतिहास तोंडपाठ आहे. इतरांच्या बैठकांत तो सांगावा लागतो.

मुलीच्या प्रेमाचा एवढा धसका का, याचे उत्तर मला तलाठी कार्यालयात सापडते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. कागदावर. गावात काय होते, हे आपण सगळ्या जाणतो. बाप वारला की तेराव्याच्या आसपास बहिणीला साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही होते. सही न करणारीचे माहेर तुटते. जातीत, आईबापांनी पाहून दिलेल्या घरात गेलेली मुलगी सही करते, कारण उद्या नवऱ्याने हाकलले तर यायला माहेर लागते. स्वतः लग्न ठरवलेल्या मुलीला माहेर आधीच तुटलेले असते; ती कशाच्या भीतीने सही करील? जात, जमीन आणि मुलीचे लग्न ही एकाच दाव्याला बांधलेली तीन जनावरे आहेत. एक सुटले की दुसरी दोन ओढ घेतात. संस्कृतीच्या गप्पा वर चालतात, खाली एकराचा हिशेब असतो.

म्हणून 'बहीण' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. ते फुकटचे आहेत म्हणून नाके मुरडणाऱ्या मध्यमवर्गीयांत मी नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणे ही चांगलीच गोष्ट आहे, औषधाला आणि वहीपुस्तकाला ते उपयोगी पडले. पण ऑगस्टमध्येच अमरावतीच्या कार्यक्रमात आमदार रवी राणा म्हणाले होते की आशीर्वाद दिला नाहीत तर हाच भाऊ खात्यातले दीड हजार परत घेईल. नंतर ती गंमत होती, असा खुलासा झाला. गंमत असेलही. पण नागरिकाला मिळते तो हक्क आणि बहिणीला मिळते ती ओवाळणी, हा फरक त्या गमतीत जितका स्वच्छ बोलला गेला तितका आपल्या पत्रकांत आपल्याला कधी लिहिता आला नाही. ओवाळणी घेणाऱ्या बहिणीने भावाकडे वाटा मागायचा नसतो.

आता विधवांकडे येते. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांचा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास राहिला आहे. प्रत्येक आकड्यामागे बहुधा एक बाई उरते : सातबारा सासऱ्याच्या नावे, कर्ज नवऱ्याच्या, आणि प्रकरण पात्र की अपात्र याच्या तारखा. पात्र ठरले तर एक लाख; त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संभाजी भिडे यांनी मंत्रालयाच्या आवारात एका पत्रकार मुलीला, कुंकू लावून ये मग बोलतो, असे सांगितले. त्यावर बरीच चर्चा झाली, पण ती त्या मुलीच्या कपाळाची. मला आठवल्या त्या यवतमाळ रस्त्यावरच्या गावांतल्या बायका, ज्यांच्या कपाळावरचे कुंकू कर्जाने पुसले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी घरोघर जातात, त्यांचे दार टाळून जातात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि शासनाने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले होते. राष्ट्राची माता, घराची लक्ष्मी, रणरागिणी दुर्गा, या सगळ्या पदव्या सवाष्ण बाईसाठी आहेत. नवरा मेलेली बाई यांच्या कुठल्या चित्रात बसते?

तरीही बायका तिकडे जातात, आणि त्यांना 'भुललेल्या' म्हणणे मला पटत नाही. गजानन महाराजांच्या पारायणाला किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला जाणारी बाई सनातनी नसते. ती दिवसभराच्या कामातून सुटून दोन तास बायकांत बसायला जाते. त्या दोन तासांवर राजकारणाने हात ठेवला आहे. बडनेऱ्याची एक बचतगटातली बाई मला म्हणाली, "ताई, तुमच्या मीटिंगीत माही सही लागते. तिकडं गेलं त मले नाव घेऊन बसवते." बचतगट आले तशा आपल्या बैठका वहीच्या, हप्त्याच्या, प्रकल्पाच्या झाल्या. गाणी गेली. सणही आपण बराच काळ पुरुषप्रधान म्हणून बाजूला ठेवले, आणि ते होते तसेच. पण जागा रिकामी राहत नाही.

शिवाय हा प्रदेश काही त्यांच्या बापजाद्यांचा नाही. गाडगेबाबा इथले. तुकडोजी महाराज इथले; त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे. १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत सत्याग्रह उभा राहिला, त्यात पुढे होते पंजाबराव देशमुख. त्याच वर्षी पंजाबरावांनी जातीबाहेरच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केले. आज जयंतीला सगळ्या पक्षांचे पुढारी भाऊसाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात. चांदूर रेल्वेची ती शपथ त्या काळी असती आणि विमलताईंना ती दिली गेली असती तर?

गटांनी काय करावे याची लांबलचक यादी मी देणार नाही. एकच काम सुचवते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जोडीदार निवडण्याच्या सज्ञान व्यक्तीच्या हक्काच्या बाजूने निकाल देताना, मनाविरुद्धच्या जातपंचायती आणि घरच्यांपासून जोडप्यांना संरक्षण मिळावे म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत असे आदेश दिले. (ज्या संस्थेच्या याचिकेवर तो निकाल आला तिचे नाव शक्ती वाहिनी. नावे अशीही असतात.) अमरावतीच्या आणि अकोल्याच्या पोलिस अधीक्षक कार्यालयात तीन-चार जणींनी मिळून जावे आणि विचारावे : कक्ष कुठल्या खोलीत बसतो, त्यात बाई अधिकारी कोण, रात्री फोन कोण उचलते, निवारा कुठे आहे, त्याला आतून कडी आहे का. मिळालेले उत्तर, किंवा उत्तर न मिळाल्याची तारीख, लिहून घ्यावी आणि तो कागद आपापल्या तालुक्यातल्या मुलींच्या महाविद्यालयाच्या फलकावर लावायला प्राचार्यांची परवानगी मागावी. चांदूर रेल्वेपासून सुरुवात करता येईल.